आंतरजालावरील कादंबरी-प्रकाशनाचे आरंभीचे प्रयोग

आंतरजालावरील कादंबरी-प्रकाशनाचे आरंभीचे प्रयोग म्हणजे छापील पुस्तकाच्या आधी, त्याच्या बरोबरीने किंवा त्याच्याऐवजी कादंबरी थेट आंतरजालावर वाचकांपुढे ठेवण्याचे लेखकांचे प्रयत्न होत. या प्रयत्नांचा मुख्य काळ साधारणपणे १९९४ ते २०११ असा मानता येतो. १९९०च्या दशकात महाजाल सर्वसामान्यांच्या हाती आले, तेव्हा प्रयोगांना आरंभ झाला. ई-वाचन-उपकरणे आणि त्यांना जोडलेली ऑनलाइन दुकाने रुळल्यावर प्रयोगाचे दिवस संपून त्यांचा नेहमीचा व्यवसाय बनला.

या काळातील लेखकांपुढे प्रामुख्याने तीन प्रश्न होते. पडद्यावर वाचलेल्या मजकुरासाठी वाचक पैसे देईल काय? कादंबरी विनामूल्य उपलब्ध असल्यास तिची छापील आवृत्ती विकली जाईल काय? आणि प्रकाशकाच्या संपादनावाचून व वितरणावाचून लेखकाला वाचक मिळेल काय? निरनिराळ्या देशांतील लेखकांना या प्रश्नांची निरनिराळी उत्तरे मिळाली. आंतरजालामुळे प्रकाशक नाहीसा होईल, ही त्या वेळची अपेक्षा खरी ठरली नाही. मात्र आधी प्रकाशक आणि मग वाचक हा जुना क्रम अनेक लेखकांच्या बाबतीत उलटला.

पार्श्वभूमी

कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचकांसमोर आणण्याची रीत आंतरजालाहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्स यांची 'द पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये मासिक भागांतून प्रसिद्ध झाली. मराठीत हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून त्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीसह अनेक कादंबऱ्या क्रमशः छापून आल्या. हप्त्याचा वाचक पुढील अंकाची वाट पाहतो, लेखकाला पत्रे लिहितो आणि त्या पत्रांचा कधीकधी कथानकावरही परिणाम होतो. या सर्व गोष्टी आंतरजालावर नव्या वेगाने पुन्हा घडल्या.

संगणकावर साहित्य ठेवण्याचा पहिला मोठा उपक्रम म्हणजे अमेरिकेतील मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'. तेथे मुख्यतः प्रताधिकारमुक्त झालेले जुने साहित्य टंकलिखित करून ठेवले जाई. नवे ललित साहित्य संगणकासाठीच लिहिण्याचा आरंभीचा नमुना म्हणून मायकेल जॉइस यांच्या 'आफ्टरनून, अ स्टोरी' या कथेचा उल्लेख केला जातो. ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाली आणि १९९० मध्ये फ्लॉपीवर विक्रीस आली. वाचक एखाद्या शब्दावर थांबून निराळ्या तुकड्याकडे जाऊ शकत असे, त्यामुळे प्रत्येक वाचनात कथेचा क्रम बदले. मात्र फ्लॉपी विकत घ्यावी लागे आणि वितरणाची गरज पुस्तकाप्रमाणेच कायम राहिली.

महाजाल १९९१ मध्ये सार्वजनिक झाले. 'मोझेक' या चित्रदर्शी न्याहाळकामुळे १९९३ पासून त्याचा प्रसार वेगाने झाला. कागद, छपाई, बांधणी, गोदाम आणि वाहतूक यांवाचून मजकूर जगभर पोहोचवता येऊ लागला. अडचणीही कमी नव्हत्या. दूरध्वनीच्या तारेवरून होणारी जोडणी संथ होती, तिचे पैसे अनेक ठिकाणी वेळेनुसार भरावे लागत आणि जड काचेच्या पडद्यासमोर बसून दोनशे पाने वाचणे डोळ्यांना त्रासदायक होई. अनेक वाचक मजकूर उतरवून घेऊन कागदावर छापून वाचत.

महाजालासाठी रचलेल्या कादंबऱ्या

महाजालावर क्रमशः प्रसिद्ध झालेल्या अगदी आरंभीच्या कादंबऱ्यांत कॅनडाचे लेखक डग्लस अँथनी कूपर यांची 'डेलिरियम' ही कादंबरी मोडते. १९९४ पासून ती टाइम वॉर्नर या समूहाच्या संकेतस्थळावर हप्त्यांनी येऊ लागली. छापील पुस्तक १९९८ मध्ये निघाले.

जेफ रायमन यांची '२५३' (१९९६) ही कादंबरी रचनेच्या दृष्टीने या काळातील महत्त्वाची कृती मानली जाते. लंडनच्या भुयारी रेल्वेतील बेकरलू मार्गावरून ११ जानेवारी १९९५ रोजी जाणाऱ्या एका गाडीत ती घडते. सात डब्यांतील प्रत्येक आसनावर एक याप्रमाणे २५२ प्रवासी आणि एक चालक असे एकूण २५३ जण या गाडीत आहेत. प्रत्येकाचे बाह्य रूप, त्याची माहिती आणि त्या क्षणी त्याच्या मनात चाललेले विचार २५३ शब्दांत सांगितले आहेत. प्रवाशांमधील नाती, ओळखी आणि योगायोग दुव्यांनी जोडलेले आहेत. वाचक डब्यातून डब्यात फिरावा तसा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो आणि गाडी मात्र अपघाताच्या दिशेने धावत राहते.

'२५३'चे छापील रूप १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यास फिलिप के. डिक पुरस्कार मिळाला. पुस्तकात दुव्यांची सोय नसल्याने प्रवासी आसनांच्या क्रमाने येतात. त्यामुळे आंतरजालावर माणसांमधील साम्य ठळकपणे जाणवते, तर पुस्तकात त्यांच्यातील भेद जाणवतो. माध्यम बदलले की वाचनाचा अर्थही बदलू शकतो, हे या दोन रूपांच्या तुलनेतून दिसते. असे असले, तरी दुव्यांनी विणलेली कादंबरी हा प्रकार मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचला नाही. पुढे आंतरजालावर लोकप्रिय झालेल्या बहुतेक कादंबऱ्या सरळ, एकामागून एक प्रकरण अशाच रचनेच्या होत्या.

नाकारलेल्या हस्तलिखितांचा मार्ग

लेखकांच्या दुसऱ्या एका गटाला रचनेतील नावीन्यापेक्षा वाचक मिळवण्याची निकड होती. अमेरिकन लेखिका एम. जे. रोझ यांची 'लिप सर्व्हिस' ही कादंबरी कोणत्या वर्गात बसवावी हे न उमगल्याने प्रकाशकांनी नाकारली होती. जाहिरात-व्यवसायाचा अनुभव असलेल्या रोझ यांनी १९९८ मध्ये ती स्वतःच्या संकेतस्थळावरून विकण्यास प्रारंभ केला आणि तिचा प्रचारही ऑनलाइन केला. परिणामी एका मोठ्या पुस्तक-मंडळाने ती निवडली व १९९९ मध्ये 'पॉकेट बुक्स'ने ती प्रकाशित केली. आंतरजालावर विकलेल्या कादंबरीला पुढे प्रस्थापित प्रकाशक लाभल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

जॉन स्कॅल्झी यांनी 'एजंट टू द स्टार्स' ही कादंबरी १९९९ मध्ये आपल्या संकेतस्थळावर ठेवली. संगणक-प्रणालींच्या जगात तेव्हा 'आधी वापरून पाहा, आवडल्यास पैसे पाठवा' अशी एक पद्धत रूढ होती. स्कॅल्झी यांनी तीच कादंबरीला लावली आणि आवडल्यास एक डॉलर पाठवावा असे वाचकांना सुचवले. पुढील सुमारे पाच वर्षांत त्यांच्याकडे ४,००० डॉलरच्या आसपास रक्कम जमली. चरितार्थ चालवण्याइतकी ती नव्हती, पण अनोळखी वाचकही स्वखुशीने पैसे देतात एवढे त्यातून दिसले.

स्टीफन किंग यांचे प्रयोग

या काळातील सर्वाधिक चर्चा अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांच्या प्रयोगांची झाली. ते आधीपासून जगप्रसिद्ध असल्याने त्यांच्या यशापयशाकडे संपूर्ण प्रकाशन-व्यवसायाचे लक्ष होते.

रायडिंग द बुलेट

जून १९९९ मध्ये किंग यांना एका वाहनाने धडक दिली व ते गंभीर जखमी झाले. त्यानंतरच्या काळात लिहिलेली 'रायडिंग द बुलेट' ही दीर्घकथा १४ मार्च २००० रोजी 'सायमन अँड शुस्टर' या प्रकाशनसंस्थेने केवळ ई-पुस्तक म्हणून प्रसिद्ध केली. किंमत अडीच डॉलर होती. काही ऑनलाइन विक्रेत्यांनी ती विनामूल्यही दिली. पहिल्या २४ तासांत ४ लाखांहून अधिक मागण्या नोंदल्या गेल्या आणि त्या भाराने विक्रेत्यांच्या यंत्रणा कोलमडल्या. प्रत उतरवून घेणाऱ्याने ती पुढे वाटू नये म्हणून मजकुराला सांकेतिक कुलूप घातले होते, परंतु थोड्याच दिवसांत ते तोडले गेले आणि अनधिकृत प्रती पसरल्या. प्रचंड मागणी आणि मागोमाग आलेली चोरी ही ई-पुस्तकाची दोन्ही अंगे अशा रीतीने एकाच घटनेत प्रकट झाली.

द प्लांट

यानंतर काही महिन्यांतच किंग यांनी प्रकाशकाला वगळून स्वतःच्या संकेतस्थळावरून 'द प्लांट' ही कादंबरी हप्त्यांनी देण्याचे ठरवले. १९८०च्या दशकात नाताळची भेट म्हणून तिचे काही भाग त्यांनी खाजगीरीत्या छापून स्नेह्यांना पाठवले होते. पत्रे, टिपणे आणि दैनंदिनी यांतून उलगडणारी ही कथा एका डबघाईला आलेल्या प्रकाशनसंस्थेच्या कचेरीत घडते. हस्तलिखित नाकारले गेल्याने सूड घेऊ पाहणारा एक लेखक संपादकाकडे एक विलक्षण रोपटे पाठवतो आणि ते रोपटे संस्थेचे भले करता करता रक्ताची किंमत मागू लागते. प्रकाशकाविना कादंबरी काढण्याच्या प्रयोगासाठी प्रकाशकाच्याच कचेरीतील भयकथा निवडली गेली, हा योगायोग समीक्षकांच्या नजरेतून सुटला नाही.

पहिला हप्ता २४ जुलै २००० रोजी आला. त्याला कोणतेही सांकेतिक कुलूप नव्हते. हप्त्याची किंमत एक डॉलर होती. वाचकाने मजकूर आधी घ्यावा व पैसे नंतर पाठवावेत, अशीही मुभा होती. मात्र अट अशी की, उतरवून घेतलेल्या प्रतींपैकी निदान ७५ टक्के प्रतींचे पैसे आले तरच कथा पुढे चालू राहील. म्हणजे वसुलीसाठी ना पहारेकरी होता, ना कुलूप. एका वाचकाच्या प्रामाणिकपणावर दुसऱ्या वाचकाचा पुढला हप्ता अवलंबून ठेवलेला होता.

पहिल्या आठवड्यात दीड लाखाहून अधिक प्रती उतरवल्या गेल्या आणि पैसे देणाऱ्यांचे प्रमाण ७५ टक्क्यांच्या किंचित वर राहिले. चौथ्या हप्त्याची पाने वाढली, तशी त्याची किंमतही दोन डॉलर झाली. तोवर एकूण वाचक घटले होते आणि पैसे देणाऱ्यांचे प्रमाण ४६ टक्क्यांपर्यंत खाली आले. नोव्हेंबर २००० मध्ये किंग यांनी इतर लेखनासाठी ही कथा थांबवत असल्याचे जाहीर केले. डिसेंबरमध्ये सहावा हप्ता आला आणि कादंबरी तेथेच अपुरी राहिली. ती पुढे पूर्ण झालेली नाही. प्रसिद्ध झालेले भाग नंतर वाचकांसाठी विनामूल्य खुले करण्यात आले.

प्रयोगाचे अर्थ

'द प्लांट' फसली असा समज तेव्हा सर्वत्र पसरला. किंग यांनी नंतर जाहीर केलेल्या हिशेबानुसार मात्र जाहिरात आणि इतर खर्च वजा जाता त्यांना सुमारे ४ लाख ६३ हजार डॉलर उरले. छपाई, गोदाम व परत आलेल्या प्रती यांचा खर्च मुळात नव्हताच. तेव्हा हा प्रयोग तोट्याचा होता असे म्हणता येत नाही. तो टिकला नाही, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

वसुलीची अट टक्केवारीवर बांधलेली होती, हे न टिकण्याचे एक कारण होय. एकाच वाचकाने घरच्या व कचेरीतल्या संगणकावर मिळून दोन प्रती घेतल्या, तर मोजणीत त्या दोन धरल्या जात. त्यामुळे उतरवलेल्या प्रतींची संख्या आणि वाचकांची संख्या एक नव्हती. दुसरे कारण हप्त्याच्या स्वरूपातच दडलेले आहे. मासिक किंवा साप्ताहिक घेणाऱ्या वाचकाला एका कादंबरीसोबत इतर मजकूरही मिळतो आणि वर्गणी एकदाच भरायची असते. येथे प्रत्येक महिन्यात नव्याने निर्णय घ्यावा लागे आणि तेवढ्यासाठी बँकेचे कार्ड काढावे लागे. लहान रकमा सहज देता येतील अशी व्यवस्था तेव्हा रुळलेली नव्हती.

तिसरा मुद्दा लेखकाच्या प्रसिद्धीचा. किंग यांच्या नावावर जमलेला वाचकवर्ग छापील पुस्तकांनी पाव शतकात घडवलेला होता. नवख्या लेखकाने याच अटी घातल्या असत्या, तर त्याच्या संकेतस्थळावर किती जण आले असते, हा प्रश्न या प्रयोगाने अनुत्तरित ठेवला. पुढील प्रयोग मुख्यतः याच प्रश्नाभोवती फिरले.

विनामूल्य प्रत आणि छापील पुस्तक

कॅनडात जन्मलेले लेखक कोरी डॉक्टरो यांची 'डाउन अँड आउट इन द मॅजिक किंगडम' ही पहिली कादंबरी जानेवारी २००३ मध्ये 'टोर' या प्रकाशनसंस्थेने छापली. त्याच दिवशी लेखकाने तिची संपूर्ण संहिता आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली. महिनाभरापूर्वीच जाहीर झालेल्या 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली प्रसिद्ध झालेली ही पहिली कादंबरी होय. बिगरव्यापारी हेतूने प्रत वाटण्याची मुभा परवान्यात होती. २००४ मध्ये लेखकाने तो अधिक सैल करून तिच्यावर आधारित नव्या कृती करण्यासही परवानगी दिली.

डॉक्टरो यांची भूमिका अशी होती की, नवोदित लेखकाला चोरीपेक्षा अज्ञातवासाची भीती अधिक असते. ज्याचे नावच कोणी ऐकलेले नाही, त्याचे पुस्तक चोरायला कोण येणार? विनामूल्य प्रत वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण एरवीही पुस्तक विकत घेणारे नसतात. उरलेल्यांपैकी काही जण मात्र पडद्यावर थोडे वाचून छापील प्रत घेतात. या प्रयोगाने प्रकाशकाला वगळले नव्हते. आंतरजालावरील प्रत ही येथे पुस्तकाच्या दुकानातील चाळून पाहण्याच्या प्रतीसारखी वापरली गेली.

स्कॅल्झी यांची 'ओल्ड मॅन्स वॉर' ही कादंबरी डिसेंबर २००२ मध्ये त्यांच्या संकेतस्थळावर क्रमशः आली. ती वाचून टोरच्या संपादकाने छापण्याची तयारी दर्शवली आणि २००५ मध्ये पुस्तक निघाले. पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पुरस्काराचे नामांकन मिळाले. कोणत्याही कचेरीत हस्तलिखित न पाठवता लेखक येथे प्रकाशकापर्यंत पोहोचला.

पूर्व आशियातील प्रयोग

अमेरिकेत ई-पुस्तकाच्या भवितव्यावर वाद चालू असताना पूर्व आशियात आंतरजालावरील कादंबरी लोकप्रिय वाङ्मय म्हणून रुजत होती.

तैवानमधील जलअभियांत्रिकीचे विद्यार्थी त्साई चिह-हेंग यांनी 'पहिला निकट स्पर्श' अशा अर्थाचे शीर्षक असलेली प्रेमकथा १९९८ मध्ये मार्च ते मे या काळात विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर ३४ भागांत लिहिली. संगणकावरील गप्पांतून ओळख झालेल्या दोन तरुणांची ही शोकान्त कथा त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली आणि तैवानप्रमाणेच चीनमध्येही अतिशय गाजली. चिनी भाषेतील आंतरजालीय साहित्याचा इतिहास बहुधा या कथेपासून सांगितला जातो. दक्षिण कोरियात किम हो-शिक यांनी १९९९ मध्ये संगणकजालावर लिहिलेल्या प्रसंगांतून 'माय सॅसी गर्ल' हे पुस्तक आणि पुढे २००१ चा त्याच नावाचा चित्रपट तयार झाला.

चीनमध्ये २००२ मध्ये स्थापन झालेल्या 'छीत्येन' या संकेतस्थळाने २००३ मध्ये सशुल्क वाचनाची पद्धत आणली. कादंबरीची पहिली प्रकरणे विनामूल्य असत आणि पुढील मजकुरासाठी दर हजार चिन्हांमागे अत्यल्प रक्कम आकारली जाई. या रकमेतील वाटा लेखकास मिळे. किंग यांच्यापुढील अडचण येथे दोन प्रकारे सुटली. वाचक आधीच थोडी रक्कम खात्यात भरून ठेवी, त्यामुळे दर वेळी नवा व्यवहार करावा लागत नसे. शिवाय एका लेखकाऐवजी शेकडो लेखकांच्या कथा एकाच ठिकाणी असत. या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. मोबदला चिन्हांच्या संख्येवर ठरत असल्याने कथानक लांबवण्याकडे कल वाढला आणि रोज ठरावीक मजकूर देण्याच्या ओझ्याखाली लेखक भरडले जाऊ लागले.

जपानमध्ये भ्रमणध्वनीवर लिहिलेल्या आणि वाचलेल्या कादंबऱ्यांना 'केताई शोसेत्सु' म्हणतात. १९९९ मध्ये तेथे भ्रमणध्वनीवर आंतरजाल आले. योशी या टोपणनावाच्या लेखकाची 'डीप लव्ह' ही २०००च्या सुमाराची कादंबरी या प्रकारातील पहिली मानली जाते. लहान पडद्यामुळे वाक्ये तोकडी, संवाद अधिक आणि ओळींमध्ये मोकळी जागा भरपूर, अशी तिची शैली घडली. लिहिणारे व वाचणारे बहुधा तरुण असत. त्यांत मुलींची संख्या मोठी होती आणि अनेकींनी यापूर्वी काहीही लिहिलेले नव्हते. २००७ मध्ये जपानमधील सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मूळ भ्रमणध्वनीवर लिहिलेल्या होत्या. जपानी कादंबऱ्या सहसा उभ्या ओळींत छापल्या जातात, पण यांपैकी अनेक पुस्तके भ्रमणध्वनीच्या पडद्याप्रमाणे आडव्या ओळींत छापण्यात आली. समीक्षकांनी त्यांच्या उथळपणावर टीका केली. मात्र जो मजकूर विनामूल्य वाचून झाला आहे, तोच जपून ठेवण्यासाठी वाचक विकत घेतात, हे या पुस्तकांच्या खपाने निर्विवादपणे दाखवले.

द मार्शियन

प्रयोगपर्वाचा शेवट आणि नव्या व्यवस्थेचा आरंभ ज्या कृतीत एकत्र दिसतो, ती म्हणजे अँडी विअर यांची 'द मार्शियन'. व्यवसायाने संगणक-अभियंते असलेल्या विअर यांनी २००९ पासून ही कादंबरी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने विनामूल्य दिली. मंगळावर एकटाच राहून गेलेला अंतराळवीर उपलब्ध साधनांतून पाणी, अन्न आणि प्राणवायू यांची सोय कशी करतो, याचे ते वर्णन आहे. वाचकांत विज्ञानाचे जाणकार होते. त्यांनी रसायनशास्त्रातील व इतर चुका कळवल्या आणि लेखकाने त्या सुधारल्या. प्रकाशनसंस्थेत एक संपादक जे काम करतो, त्याचा काही भाग येथे विखुरलेल्या वाचकांनी केला.

काही वाचकांनी ही कादंबरी ई-वाचन-उपकरणावर सहज वाचता येईल अशा रूपात मागितली. त्यामुळे विअर यांनी २०११ मध्ये ती ॲमेझॉनच्या किंडलवर ९९ सेंट या तेथील किमान किमतीला ठेवली. पहिल्या तीन महिन्यांत तिच्या ३५,००० प्रती विकल्या गेल्या. तोच मजकूर लेखकाकडून विनामूल्य मिळत असतानाही वाचकांनी पैसे दिले. अकरा वर्षांपूर्वी किंग यांना जे साधले नाही, ते आता सोयीमुळे साधले. पुढे 'क्राउन' या प्रकाशनसंस्थेने २०१४ मध्ये तिची छापील आवृत्ती काढली आणि २०१५ मध्ये रिडली स्कॉट दिग्दर्शित चित्रपट आला.

करार आणि प्रताधिकार

या प्रयोगांमुळे जुन्या करारांचा अर्थ लावण्याची वेळ आली. 'रोझेटाबुक्स' या संस्थेने विल्यम स्टायरन, कर्ट व्हॉनेगट आणि रॉबर्ट बी. पार्कर यांच्याशी थेट करार करून त्यांच्या काही कादंबऱ्या ई-पुस्तकरूपात काढल्या. या लेखकांनी छापील हक्क पूर्वीच 'रँडम हाउस'ला दिलेले असल्याने त्या संस्थेने २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. 'पुस्तकरूपात' प्रकाशित करण्याच्या हक्कात ई-पुस्तक येते काय, हा कळीचा मुद्दा होता. न्यायालयाने मनाई हुकूम देण्यास नकार दिला व वरिष्ठ न्यायालयाने २००२ मध्ये तो निर्णय कायम केला. त्याच वर्षाअखेर दोन्ही पक्षांत तडजोड झाली. तेव्हापासून प्रकाशक आपल्या करारांत विद्युत माध्यमाचा स्पष्ट उल्लेख करू लागले.

पुढे काही लेखकांनी हे हक्क वेगळे राखण्याचा मार्ग धरला. ह्यू हॉवी यांची 'वूल' ही २०११ मध्ये ई-पुस्तक म्हणून सुरू झालेली कथामालिका लोकप्रिय झाल्यावर त्यांनी 'सायमन अँड शुस्टर'ला केवळ छापील आवृत्तीचे हक्क दिले आणि ई-पुस्तकाचे हक्क स्वतःकडे ठेवले.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने या विषयाला स्पर्श केला. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय हस्तांतरित झाले असे मानले जात नाही. जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या ई-आवृत्त्या काढताना लेखक, वारस व प्रकाशक यांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

मराठीतील स्थिती

मराठीत आंतरजालावर लिहिण्यापुढील पहिला अडथळा लिपीचा होता. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळी संकेतस्थळे निरनिराळे टंक वापरत. वाचकाच्या संगणकात तो टंक नसल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. 'विंडोज २०००'पासून देवनागरीची सोय संगणकातच मिळू लागली आणि पुढील काही वर्षांत युनिकोडचा वापर वाढल्यावर ही अडचण दूर होत गेली.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या 'मायबोली' या संकेतस्थळावर परदेशांतील आणि महाराष्ट्रातील मराठी भाषकांनी कथा, कविता व क्रमशः कादंबऱ्या लिहिल्या. 'मनोगत' आणि 'मिसळपाव' ही त्यानंतरची संकेतस्थळे. सुनील डोईफोडे यांनी २०००च्या दशकाच्या उत्तरार्धात 'शून्य', 'अद्‌भुत' यांसारख्या रहस्यप्रधान कादंबऱ्या आंतरजालावर क्रमशः व विनामूल्य दिल्या. 'ई साहित्य प्रतिष्ठान'ने मराठी पुस्तकांच्या विनामूल्य ई-आवृत्त्या वाचकांपर्यंत पोहोचवल्या. बंगळूरु येथे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रतिलिपी'वर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील मालिका-कादंबऱ्या वाचल्या जातात.

मराठीतील आरंभीच्या प्रयत्नांचा हेतू मुख्यतः लेखनाचा आनंद आणि दूर राहणाऱ्या भाषकांशी संपर्क हा होता. वसुलीच्या प्रश्नाशी त्यांचा फारसा संबंध आला नाही. साप्ताहिके आणि दिवाळी अंक यांमुळे क्रमशः लेखनाची व पुस्तकाआधी कादंबरी वाचण्याची सवय मराठी वाचकाला आधीपासूनच होती.

मूल्यमापन

या सर्व प्रयोगांकडे एकत्र पाहिल्यास काही गोष्टी स्पष्ट होतात. वाचक पैसे देत नाही हे विधान सरसकट खरे नाही. रक्कम लहान असली आणि ती देण्याचा मार्ग सोपा असला, तर मजकूर विनामूल्य मिळत असतानाही तो पैसे देतो. विनामूल्य प्रतीने छापील पुस्तक मारले जाते ही भीतीही डॉक्टरो, विअर किंवा जपानी कादंबरीकार यांच्या अनुभवाशी जुळत नाही. मात्र यशस्वी ठरलेल्या लेखकांचीच उदाहरणे सांगितली जातात आणि ज्यांना वाचक मिळाला नाही अशा असंख्य लेखकांची नोंद कोठेही राहत नाही. त्यामुळे यावरून सर्वसाधारण नियम काढणे धोक्याचे आहे.

आरंभीचे प्रयोग लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर झाले आणि अटीही त्यानेच ठरवल्या. पुढे हा व्यवहार मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांकडे आणि वाचन-मंचांकडे गेला. प्रकाशकाच्या दारात थांबण्याची गरज कमी झाली, पण किंमत, मोबदल्याचे प्रमाण आणि वाचकाच्या नजरेस काय पडावे हे ठरवणारा नवा मध्यस्थ उभा राहिला.

या काळातील साहित्याच्या जतनाचाही प्रश्न आहे. छापील कादंबरीची एखादी प्रत कोणत्यातरी ग्रंथालयात उरते. संकेतस्थळ बंद पडले किंवा जुना टंक वापरातून गेला, की तेथील कादंबरी वाचता येत नाही. आज सहज वाचता येणाऱ्या आरंभीच्या कृतींपैकी पुष्कळ कृती पुढे पुस्तकरूपात छापल्या गेल्या म्हणूनच उरल्या आहेत.

हे सुद्धा पाहा

ई-पुस्तक
क्रमशः प्रकाशित कादंबरी
प्रताधिकार
क्रिएटिव्ह कॉमन्स
युनिकोड
स्टीफन किंग
हरि नारायण आपटे